ग्रँड केमनच्या थांब्यावर कुटुंबासह सहल: शेवटच्या टेंडरपासून उलट मोजत दिवस कसा आखावा

जहाज सकाळी आठला ग्रँड केमन या कॅरिबियन बेटावर पोहोचेल आणि दुपारी चारला निघेल, असे वेळापत्रकात वाचले की बहुतेक कुटुंबे आठ तासांचा दिवस आखायला बसतात. सकाळी पाकट (स्टिंगरे) माशांबरोबर पाण्यात उतरायचे, मग कासव केंद्र, मग सेव्हन माइल बीचवर जेवण आणि जाता जाता बंदराच्या जॉर्जटाउन गावात खरेदी, असा बेत ठरतो. प्रत्यक्षात लहान मुले आणि आजी-आजोबा बरोबर असतील तर हाती जेमतेम साडेतीन ते चार तास लागतात. याचे कारण असे की जॉर्जटाउनला मोठे जहाज लागेल असा धक्का नाही. जहाज खोल पाण्यात नांगर टाकते आणि टेंडर नावाच्या छोट्या बोटींतून प्रवाशांची ने-आण होते. एप्रिल २०२५ मधील सार्वमतात तेथील मतदारांनी असा धक्का बांधण्यास नकार दिला असल्याने टेंडरची ही पद्धत इतक्यात बदलणारी नाही.

अमेरिकेत राहणारी आणि भारतातून आलेल्या आई-वडिलांना घेऊन फ्लोरिडा किंवा टेक्सासमधून क्रूझला निघणारी मराठी कुटुंबे डोळ्यांसमोर ठेवून पुढील टप्पे दिले आहेत. त्यांचा क्रम बदलू नये, कारण प्रत्येक टप्प्यातील निर्णय आधीच्या टप्प्यावर अवलंबून आहे.

टप्पा १: तिकीट काढण्यापूर्वी कागदपत्रे

अमेरिकेतून निघून अमेरिकेतच परतणारी क्रूझ म्हणजे देशांतर्गत प्रवास, हा समज सर्वांत महागात पडतो. जहाज केमनला गेले की प्रवासी अमेरिकेबाहेर गेला, आणि परतताना त्याला पुन्हा प्रवेश घ्यावा लागतो. म्हणून भारतीय पासपोर्टवर प्रवास करणाऱ्या प्रत्येकाच्या पासपोर्टातील अमेरिकेचा व्हिसा परतीच्या तारखेला वैध आणि एकाहून अधिक प्रवेशांचा असला पाहिजे. ग्रीन कार्ड असणाऱ्यांनी पासपोर्ट आणि मूळ कार्ड दोन्ही बरोबर ठेवावे.

एच-१बी या नोकरीच्या व्हिसावर असलेल्या कुटुंबांची चूक नेमकी येथे होते. कॅनडा किंवा मेक्सिकोला तीस दिवसांपर्यंत जाऊन आल्यास मुदत संपलेल्या व्हिसावरही, वैध मंजुरीच्या आधारे, परत येण्याची एक सवलत आहे. ती एच वर्गाला कॅरिबियन बेटांसाठी मिळत नाही. बेटांपुरती ती केवळ एफ (विद्यार्थी) आणि जे (देवाणघेवाण कार्यक्रम) वर्गाला आहे. व्हिसाची मुदत संपली आहे आणि हातात फक्त आय-७९७ हे मंजुरीपत्र आहे, अशा स्थितीत केमनला जाणारी क्रूझ घेऊच नये.

वाटेतील प्रत्येक बंदरात भारतीय पासपोर्टधारकाला काय लागते, हे क्रूझ कंपनीला लेखी विचारावे आणि उत्तर जपून ठेवावे. आई-वडिलांसाठी अमेरिकेत घेतलेला आरोग्य विमा अमेरिकेबाहेर लागू आहे का, हेही याच वेळी पाहावे. अशा अनेक पॉलिसी अमेरिकेबाहेरील उपचारांना मर्यादा घालतात, आणि ही गोष्ट जहाजावर चढल्यावर कळून उपयोग नसतो.

टप्पा २: घड्याळ एकच ठेवणे

ग्रँड केमनमध्ये उन्हाळ्यात घड्याळे पुढे केली जात नाहीत. अमेरिकेत ती केली जातात. त्यामुळे उन्हाळ्यात मायामीहून आलेल्या आणि मायामीचीच वेळ पाळणाऱ्या जहाजावर तीन वाजलेले असतात, तेव्हा बेटावर दोन वाजलेले असतात. किनाऱ्यावर उतरताच मोबाइल बेटाच्या नेटवर्कला जोडला जातो, कोणालाही न सांगता एक तास मागे जातो, आणि “अजून तासभर आहे” असे समजून कुटुंब वाळूवर बसून राहते. हिवाळ्यात टेक्सासहून निघालेल्या जहाजाच्या बाबतीत उलट घडते, म्हणजे बेटाचे घड्याळ जहाजाच्या एक तास पुढे असते. काही जहाजे थांब्याच्या दिवशी आपली वेळ बदलून घेतात, काही घेत नाहीत.

आमच्या पहिल्या सहलीत आम्ही दोघांनी दोन वेगवेगळी घड्याळे पाहिली. तो घोळ टेंडरच्या रांगेत पोहोचल्यावर लक्षात आला आणि सुदैवाने वीस मिनिटे शिल्लक होती. तेव्हापासून उतरणाऱ्या प्रत्येक प्रौढाच्या मनगटावर साधे घड्याळ असते, आणि आदल्या रात्री जेवणाच्या टेबलावर ती सर्व जहाजाच्या वेळेला लावली जातात. मोबाइलमधील आपोआप वेळ बदलण्याची सोय बंद करावी आणि मोबाइल विमान मोडवर ठेवावा. यामुळे रोमिंगचे बिलही टळते.

> तपासणी: टॅक्सीवाल्याशी किंवा खासगी सहल नेणाऱ्याशी वेळ ठरवताना “जहाजाची वेळ की बेटाची वेळ?” हा प्रश्न प्रत्येक वेळी विचारला गेला पाहिजे.

टप्पा ३: शेवटच्या टेंडरपासून उलट मोजणे

जहाज सुटण्याची वेळ विसरून जावी. महत्त्वाची आहे ती शेवटचे टेंडर किनाऱ्यावरून सुटण्याची वेळ. ती जहाज सुटण्याच्या बरीच आधी असते आणि आदल्या संध्याकाळी केबिनमध्ये येणाऱ्या दैनंदिन पत्रकात छापलेली असते. ती सापडली की दिवस सकाळपासून पुढे नव्हे, तर शेवटापासून मागे भरत यावा.

उदाहरणादाखल, शेवटचे टेंडर तीनला आहे असे धरू. अखेरच्या तासात धक्क्यावर रांग लांबते आणि तिचा बराच भाग उन्हात असतो, म्हणून आजी-आजोबांसह दोनपर्यंत रांगेत उभे राहिले पाहिजे. समुद्रकिनाऱ्यावरून धक्क्यापर्यंत गर्दीच्या वेळी अर्धा तास धरावा, म्हणजे दीडला गाडीत बसायचे. मुलांना पाण्यातून बाहेर काढून, वाळू झटकून, कपडे बदलून सामान मोजायला अर्धा तास जातो, म्हणजे एकला पाण्याबाहेर. सकाळच्या बाजूने पाहिले तर आठला नांगर पडतो, स्थानिक अधिकाऱ्यांची परवानगी मिळून टेंडर सुरू व्हायला वेळ जातो, आणि सहा जणांच्या कुटुंबाचे पाय जमिनीला लागेपर्यंत सव्वानऊ-साडेनऊ होतात. साडेनऊ ते एक. हाच आपला दिवस.

हे आकडे आपल्या जहाजाच्या वेळांप्रमाणे बदलून एका कागदावर लिहावेत आणि त्या कागदाचा फोटो प्रत्येकाच्या मोबाइलमध्ये ठेवावा. एवढे करूनच पुढील टप्प्याकडे वळावे. बेत आधी ठरवून मग त्यात वेळ कोंबणे ही या साऱ्यातील मूळ चूक आहे.

टप्पा ४: एकच मुख्य बेत निवडणे

साडेतीन तासांत एकच मुख्य गोष्ट नीट होते. कुटुंबांसाठी तीन पर्याय व्यवहार्य आहेत.

पहिला पर्याय नॉर्थ साउंड या खाडीतील वाळूच्या उथळ पट्ट्याचा, ज्याला स्टिंगरे सिटी म्हणतात. धक्क्यावरून बसने पंधरा-वीस मिनिटे, मग बोटीने अर्धा ते पाऊण तास, पाण्यात साधारण पाऊण तास आणि तेवढाच परतीचा प्रवास. चढ-उतार धरून तीन ते साडेतीन तास जातात. म्हणजे हा बेत घेतला की त्याच दिवशी समुद्रकिनाऱ्यावर बसण्याचा विचार सोडून द्यावा. पट्ट्यावर पाणी मोठ्या माणसाच्या कमरे-छातीपर्यंत असते, पण पाच वर्षांच्या मुलाच्या ते डोक्यावरून जाते, आणि बोटीतून पाण्यात उतरायला शिडी असते. गुडघे दुखणाऱ्या आजींना बोटीत सावलीत बसून पाहता येते. मात्र त्या बोटीला छप्पर आणि स्वच्छतागृह आहे का, हे आधी विचारावे.

दुसरा पर्याय केवळ सेव्हन माइल बीचचा. दोन-तीन वर्षांची मुले असतील तर माझे मत निःसंशय याच बाजूने आहे. टॅक्सीत मात्र नुसते “सेव्हन माइल” सांगू नये. किनाऱ्याच्या दक्षिण टोकाकडील वाळू बऱ्याच ठिकाणी वाहून गेली आहे आणि तेथे लहान मुलांना खेळायला जागाच उरत नाही. उत्तरेकडील सार्वजनिक किनारा, म्हणजे सेव्हन माइल पब्लिक बीच, असे नाव घेऊन सांगावे.

तिसरा पर्याय वेस्ट बे येथील कासव केंद्राचा. समुद्र खवळलेला असेल किंवा आजोबांना बोट नको असेल, तर तो सोयीचा आहे.

यानंतर प्रश्न येतो तो सहल जहाजाकडून घ्यावी की खासगी. जहाजाच्या सहलीला पैसे जास्त पडतात. परंतु ती उशिरा परतली तर जहाज थांबते किंवा प्रवाशांना पुढे पोहोचवण्याची जबाबदारी कंपनी घेते, आणि सकाळी या गटांना टेंडरमध्ये प्राधान्य मिळते. खासगी सहल स्वस्त असते, गट बहुधा लहान असतो, पण उशिराची जबाबदारी पूर्णपणे आपली. प्रथमच जाणाऱ्या तीन पिढ्यांच्या कुटुंबाने पाकटांसाठी जहाजाची सहल घ्यावी आणि किनाऱ्यावर जायचे असल्यास स्वतः टॅक्सी करावी, असे मी सुचवीन. खासगीच घ्यायची ठरल्यास पुढील गोष्टी लेखी मागाव्यात: भेटण्याची नेमकी जागा, मुलांच्या मापाची लाइफ जॅकेट, बोटीतील कमाल प्रवासी, धक्क्यावर परत सोडण्याची वेळ, आणि जहाज थांबलेच नाही तर पूर्ण परतावा.

> सावधान: शेवटची अट केवळ कागदोपत्री नाही. वायव्येचे वारे सुटले की जॉर्जटाउनसमोर टेंडर चालवणे धोक्याचे होते. मग जहाज दक्षिण किनाऱ्यावरील स्पॉट्स येथे प्रवासी उतरवते किंवा थांबाच रद्द करते. स्पॉट्सला उतरावे लागल्यास खासगी सहलीची भेटीची जागाही बदलते, म्हणून सहल नेणाऱ्याचा फोन क्रमांक कागदावर लिहून जवळ ठेवावा.

टप्पा ५: आदल्या रात्रीची पिशवी

पाठीला लावायच्या दोन पिशव्या पुरतात. हात मोकळे राहणे आवश्यक आहे, कारण टेंडरमध्ये चढताना खलाशी आपला दंड धरतो आणि आपल्याला दुसऱ्या हाताने कठडा धरावा लागतो.

जॉर्जटाउन आणि आपली वसई जवळजवळ एकाच अक्षांशावर, १९ अंशांच्या थोडे वर आहेत. त्यामुळे ऊन आपल्या कोकणातलेच आहे असे समजावे, आणि त्याहून पांढऱ्या वाळूवरून ते परावर्तित होते, हे धरावे. सावळ्या त्वचेला सनस्क्रीन लागत नाही, या समजुतीने अनेक मुलांचे खांदे रात्रभर जळतात. झिंक ऑक्साइड असलेले सनस्क्रीन केबिनमध्येच लावावे, म्हणजे पाण्यात उतरण्यापूर्वी ते त्वचेवर बसते आणि प्रवाळालाही त्रास कमी होतो. मुलांना पोहण्याचे पूर्ण बाह्यांचे सदरे घालावेत, कारण ओल्या अंगाला सनस्क्रीन पुन्हा पुन्हा लावून घेण्याइतका धीर कोणत्याही मुलाला नसतो.

औषधांच्या बाबतीत नियम कडक ठेवावा. रक्तदाब, मधुमेह आणि दम्याची त्या दिवसाची औषधे तर घ्यावीतच, शिवाय आणखी दोन दिवसांची औषधे मूळ पाकिटांसह बरोबर ठेवावीत. जहाज चुकले तर केबिनमधील गोळ्या जहाजाबरोबर पुढे जातात. बोट लागण्याचा त्रास असणाऱ्यांनी आपल्या डॉक्टरांनी सुचवलेली गोळी टेंडरमध्ये बसल्यावर नव्हे, तर नाश्त्याच्या वेळी घ्यावी.

खाण्याच्या बाबतीत जहाजावरील बुफेमधील फळे, पराठे किंवा सँडविच डब्यात भरून किनाऱ्यावर नेऊ नयेत. ताजी फळे आणि शिजवलेले अन्न उतरवण्यास मनाई असते आणि धक्क्यावर ते टाकून द्यावे लागते. कारखान्यात बंद केलेली बिस्किटे, चिक्की किंवा शेंगदाण्याची पाकिटे चालतात. शाकाहारी कुटुंबांनी मुलांचे पोट यावरच भागवून जेवण जहाजावर परतल्यावर घ्यावे, हे उत्तम. किनाऱ्यावर जेवायचे झाल्यास पदार्थात शंखातील मांस किंवा कासवाचे मांस नाही ना, हे स्पष्ट विचारावे, कारण तेथे ही दोन्ही नेहमीच्या खाण्यात आहेत.

> तपासणी, दार ओढून घेण्यापूर्वी: प्रत्येकाचे जहाजाचे कार्ड, प्रौढांचे छायाचित्र असलेले ओळखपत्र, पासपोर्ट व व्हिसाच्या पानांची छापील प्रत, पाणी, टोपी, एक कोरडा कपडा, थोडे सुटे डॉलर, आणि दैनंदिन पत्रकात छापलेला, जहाज कंपनीच्या बंदरातील एजंटचा फोन क्रमांक. मूळ पासपोर्ट केबिनच्या तिजोरीत ठेवावेत. जहाजाने उतरताना ते बरोबर घेण्यास सांगितले असेल, तर मात्र तसे करावे.

टप्पा ६: टेंडरमध्ये चढणे

स्वतंत्रपणे उतरणाऱ्यांना बहुधा एखाद्या मोठ्या दालनात जाऊन टेंडरचा क्रमांक घ्यावा लागतो आणि तो पुकारला जाईपर्यंत थांबावे लागते. येथे होणारी चूक अशी की एकजण क्रमांक घ्यायला जातो आणि बाकीचे नाश्ता करत बसतात. अनेक जहाजांवर संपूर्ण गट हजर असल्याशिवाय क्रमांक मिळत नाही. म्हणून नाश्ता आधी, मग सर्वांनी स्वच्छतागृहात जाऊन यायचे, आणि मग एकत्र रांगेत उभे राहायचे.

टेंडर लाटांवर वर-खाली होत असते. तिच्यात पाऊल टाकण्याचा क्षण खलाशी सांगतो. तो सांगेपर्यंत थांबावे आणि सांगितल्यावर न घुटमळता एकाच पावलात आत जावे. आधी एक प्रौढ आत जाईल, मग मुले, मग आजी-आजोबा, आणि शेवटी दुसरा प्रौढ, असा क्रम ठेवावा. बाबागाडी आधीच दुमडलेली असावी आणि मूल कडेवर. चाकाची खुर्ची वापरणाऱ्यांनी आदल्या दिवशीच स्वागतकक्षात विचारावे. जड विद्युत खुर्च्या टेंडरमध्ये बहुधा घेतल्या जात नाहीत, आणि समुद्र अस्वस्थ असेल तर हाताने ढकलायच्या खुर्चीलाही नकार मिळू शकतो. आजोबांची इच्छा कितीही असली तरी खलाशाच्या निर्णयावर वाद घालू नये.

टप्पा ७: धक्क्यावरील पहिली दहा मिनिटे

जॉर्जटाउनला टेंडर लागण्याची ठिकाणे एकाहून अधिक आहेत. आपण कोठे उतरलो, त्या फलकाचा आणि तेथे लावलेल्या आपल्या जहाजाच्या परतीच्या वेळेचा फोटो काढावा. चुकामूक झाल्यास भेटायची जागा तेव्हाच बोट दाखवून ठरवावी. मुलांच्या खिशात जहाजाचे नाव आणि आई-वडिलांचे नाव लिहिलेली चिठ्ठी असावी.

टॅक्सी धक्क्याजवळील अधिकृत रांगेतूनच घ्यावी. बसण्यापूर्वी भाडे माणशी आहे की गाडीचे, आणि ते कोणत्या डॉलरमध्ये, हे विचारावे. केमनचा स्वतःचा डॉलर आहे आणि तो अमेरिकन डॉलरहून महाग आहे: एका केमन डॉलरला १.२० अमेरिकन डॉलर, असा दर बांधलेला आहे. फलकावर ५० लिहिले असेल आणि ते केमन डॉलर असतील, तर आपल्याला किमान ६० अमेरिकन डॉलर द्यावे लागतील. अमेरिकन डॉलर चालतात, परंतु सुटे बहुधा केमन डॉलरमध्ये परत मिळतात, म्हणून लहान नोटा वापराव्यात.

> सावधान: येथे वाहने रस्त्याच्या डाव्या बाजूने चालतात. भारतातून आलेल्या आजी-आजोबांना ते सवयीचे असते. अमेरिकेत वाढलेली नातवंडे मात्र उलट दिशेला पाहून रस्त्यात पाऊल टाकतात. रस्ता ओलांडताना मुलांचा हात आजोबांच्या हातात द्यावा.

टप्पा ८: पाण्यात

पाकट, ज्याला कोकणात वागळीही म्हणतात, तो येथे माणसांना सरावलेला असला तरी त्याच्या शेपटीवर विषारी काटा असतोच. तो हल्ला करत नाही. अंगावर पाय पडला तरच काटा मारतो. म्हणून पाय उचलून चालायचे नाही, तर वाळूवरून घासत सरकवायचे, म्हणजे माशाला चाहूल लागते आणि तो बाजूला होतो. मुलांना हे बोटीतच, कोरड्या फळीवर, दोन-तीनदा करून दाखवावे. पाण्यात गेल्यावर उत्साहात कोणाचे शब्द त्यांच्या कानावर पडत नाहीत.

उथळ पाण्यात बूट, चपला किंवा पायाला लावायचे पंख वापरण्यास तेथील नियमांनुसार मनाई आहे, आणि पाकट पाण्याबाहेर उचलण्यासही. फोटोसाठी कोणी आग्रह केला तरी नकार द्यावा. स्पर्श करायचा तर तळहात सपाट ठेवून पंखाच्या पृष्ठभागावर करावा, शेपटीजवळ हात नेऊ नये. प्रत्येक लहान मुलामागे एक प्रौढ, आणि त्या प्रौढाच्या हातात कॅमेरा नाही, ही वाटणी बोटीतच करून घ्यावी.

काटा लागलाच तर ताबडतोब बोटीत यावे, खलाशाला सांगावे, आणि सोसेल इतक्या गरम, साधारण ४५ अंश सेल्सियसच्या पाण्यात तो भाग अर्धा ते दीड तास बुडवून ठेवावा. पाणी आधी निरोगी हाताने तपासावे, कारण वेदनेत भाजल्याचे कळत नाही. छातीत, पोटात किंवा मानेत काटा असेल तर तो उपटू नये. बेटावर आपत्कालीन क्रमांक ९११ आहे.

वाळूतील शंख, प्रवाळाचे तुकडे आणि तारामासे जेथे आहेत तेथेच राहू द्यावेत. तारामासा फोटोपुरताही पाण्याबाहेर काढू नये. दुकानात कासवाच्या कवचाच्या वस्तू दिसल्या तरी घेऊ नयेत, त्या अमेरिकेत किंवा भारतात नेणे बेकायदा आहे.

टप्पा ९: परतीचा प्रवास

कागदावरील “पाण्याबाहेर” ही वेळ आली की चर्चा नको. पंधरा मिनिटे आधी मुलांना एकदा सांगून ठेवावे. मुले मागतात ती “शेवटची पाच मिनिटे” त्या पंधरांतच द्यावीत. धक्क्याकडे येताना वाटेत खरेदीला थांबू नये. खरेदी करायचीच असेल तर आधी धक्क्यावर येऊन रांग पाहावी, आजी-आजोबांना पाणी देऊन सावलीत बसवावे आणि एका प्रौढाने जवळच्या दुकानात जाऊन यावे.

टेंडरमध्ये बसण्यापूर्वी कार्डे मोजावीत, माणसे मोजावीत, आणि चढण्याचा सकाळचाच क्रम पाळावा. थकलेली मुले आणि ओल्या पायऱ्या यांमुळे घसरण्याचा धोका सकाळपेक्षा आता अधिक असतो.

एवढे करूनही शेवटचे टेंडर चुकलेच, तर धक्का सोडून जाऊ नये. बंदरातील एजंटला तेथूनच फोन करावा, आणि जहाज अजून नांगरावर दिसत असेल तर धक्क्यावरील कर्मचाऱ्यांना जहाजाशी संपर्क साधण्याची विनंती करावी. कोणी उरले आहे हे कार्डांच्या नोंदीवरून जहाजाला कळते, आणि अशा वेळी अनेकदा केबिनच्या तिजोरीतील पासपोर्ट काढून एजंटकडे पाठवले जातात. ते मिळाले का, हे सर्वांत आधी विचारावे. पुढील बंदर गाठण्याचा खर्च खासगी सहलीवर गेलेल्यांना स्वतः करावा लागतो. त्या बंदराच्या देशात भारतीय पासपोर्टला विमानाने उतरण्यासाठी व्हिसा लागतो का, हे एजंटकडून कळल्याशिवाय विमानाचे तिकीट काढू नये. क्रूझच्या प्रवाशाला मिळणारी सूट विमानाने येणाऱ्याला मिळतेच असे नाही.